एकाच हॅलाइडचे दोन बँड गॅप का येतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मिथिल-अमोनियम लेड आयोडाइड या हॅलाइड पेरोव्स्काइटच्या (आयोडिन, ब्रोमिन अशा हॅलोजनयुक्त अर्धवाहक स्फटिकांच्या कुळातल्या पदार्थाच्या) फिल्मचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला बांधलेल्या पातळीतून मोकळ्या पातळीत न्यायला लागणारी किमान ऊर्जा, टॉक प्लॉटवरून (शोषणाच्या आलेखाच्या चढणीवर सरळ रेषा बसवून) एकदा १.५२ आणि एकदा १.६० इलेक्ट्रॉनव्होल्ट आला. त्याच कुळातल्या ब्रोमाइडच्या फिल्मने २.३१ दाखवले, पण त्याच ब्रोमाइडच्या दोन मिलिमीटर जाड स्फटिकाने २.२०. शिवाय चाळीस टक्के ब्रोमाइड घातलेल्या मिश्र फिल्मचा सकाळचा आणि दुपारचा वर्णपट जुळत नाही. मार्गदर्शक एकच आकडा मागत आहेत आणि तो कोणता द्यावा हे तुम्हाला उमगत नाही. या पदार्थांचे शोषण वर्णपट मी बरीच वर्षे घेत आलो आहे आणि हे तिन्ही पेच माझ्या टेबलावर येऊन गेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

बँड गॅप कोणता खरा, हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी विचारायला हवे की यंत्राने मोजले काय. स्पेक्ट्रोफोटोमीटर शोषण मोजत नाही. निघालेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोहोचला नाही, एवढेच तो मोजतो. न पोहोचलेला प्रकाश पदार्थाने शोषला असेल, पृष्ठभागावरून मागे फिरला असेल किंवा फिल्मच्या दाणेदारपणामुळे बाजूला विखुरला असेल. यंत्र या तिघांची बेरीज करून ‘ॲब्सॉर्बन्स’ या नावाखाली दाखवते. पुढच्या मजकुरात यंत्राच्या आकड्यासाठी मी ‘ॲब्सॉर्बन्स’ आणि पदार्थाच्या गुणधर्मासाठी ‘शोषण गुणांक’ हे शब्द कटाक्षाने वेगळे वापरतो, कारण तुमच्या गोंधळाचा निम्मा भाग या दोन गोष्टी एकच मानल्यामुळे झालेला आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. तुमच्या यंत्राला इंटिग्रेटिंग स्फिअर (विखुरलेला आणि परावर्तित प्रकाशही गोळा करणारा आतून पांढरा पोकळ गोल) आहे का, फिल्मची जाडी तुम्ही वेगळी मोजली आहे का, आणि नमुन्यावर पडणारा प्रकाश एकरंगी असतो की पांढरा, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्यामुळे काही ठिकाणी मी ‘असे असेल तर’ या भाषेत बोलेन.

ब्रोमाइडपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या २.३१ आणि २.२० या दोन आकड्यांत खरे तर भांडण नाहीच. दोन मिलिमीटर म्हणजे ०.२ सेंटिमीटर. ॲब्सॉर्बन्स ३ झाला की हजार भागांतला एकच भाग पलीकडे पोहोचतो, आणि साध्या यंत्रात त्यापुढे भटक्या प्रकाशामुळे वाचनाला अर्थ उरत नाही. या जाडीला ॲब्सॉर्बन्स ३ होण्यासाठी शोषण गुणांक किती लागतो ते पाहा: ३ गुणिले २.३०३ भागिले ०.२, म्हणजे प्रति सेंटिमीटर सुमारे ३५. प्रत्यक्ष बँड गॅपपाशी या पदार्थांचा शोषण गुणांक प्रति सेंटिमीटर दहा हजाराच्या घरात असतो. म्हणजे गुणांक ३५ वर पोहोचताच तुमचा स्फटिक यंत्राच्या दृष्टीने काळा झाला, आणि त्याच्या वरची सगळी चढण, जिथे बँड गॅप आहे, ती यंत्राला कधी दिसलीच नाही.

मग स्फटिकाने दाखवलेली कड, म्हणजे शोषण जिथे चढू लागते ती जागा, कशाची? ती शोषणाच्या शेपटीची. फ्रान्झ उर्बाख यांनी १९५३ साली सिल्व्हर ब्रोमाइडचा अभ्यास करताना दाखवले की कडेच्या खालचे शोषण एकदम शून्य होत नाही, ते ऊर्जेबरोबर घातांकी पद्धतीने उतरत जाते. ते कोडॅकमध्ये काम करत होते आणि फोटोग्राफीच्या फिल्मला तांबड्या बाजूचा प्रकाश कुठपर्यंत जाणवतो, या प्रश्नातून हे निघाले. या क्षेत्रातला इतका मूलभूत नियम एका हॅलाइडवरच सापडला, याचे मला आजही अप्रूप वाटते. उतरणीचा वेग ज्या आकड्याने सांगतात त्याला उर्बाख ऊर्जा म्हणतात. आयोडाइड पेरोव्स्काइटसाठी ती सुमारे १५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि इतक्या सोप्या पद्धतीने बनवलेल्या पदार्थासाठी हा आकडा आश्चर्य वाटावा इतका लहान आहे. तुमच्या ब्रोमाइडसाठी अंदाजाने २० धरू. दहा हजारावरून ३५ पर्यंत उतरायचे म्हणजे जवळजवळ २८६ पट. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम ५.६५, गुणिले २० म्हणजे ११३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. आता २.३१ मधून ०.११ वजा करा. उत्तर २.२० येते, म्हणजे तुमच्या स्फटिकाचाच आकडा.

२० हा आकडा मी अंदाजाने घेतला आहे, म्हणून शेवटचा अंक इतका चपखल जुळणे हा योगायोग मानावा. पण फरक ०.१ च्या आसपास यावा, हा योगायोग नव्हे. स्फटिक आणि फिल्म यांचा पदार्थ एकच आहे, गॅपही एकच आहे. तुम्ही एकाच डोंगराचा एकदा पायथा मोजला आणि एकदा खांदा. म्हणून ‘स्फटिकात दोष कमी, म्हणून त्याचा बँड गॅप कमी’ असे वाक्य कृपया प्रबंधात लिहू नका. असे निष्कर्ष मी अनेकदा वाचले आहेत आणि बहुतेक वेळा त्यांच्यामागे जाडीच असते. हाच दोष पावडरच्या परावर्तन मापनातही शिरतो, कारण तिथे प्रकाश अनेक दाण्यांतून फिरून बाहेर येतो. पावडर मोजायची असेल तर ती बेरियम सल्फेटमध्ये भरपूर पातळ करा. सवयीने पोटॅशियम ब्रोमाइड घ्याल तर आयोडाइडच्या नमुन्यात घोटताना ब्रोमिन आणि आयोडिन यांची अदलाबदल होण्याची शक्यता असते, आणि मग तुम्ही वेगळ्याच पदार्थाचा वर्णपट घेत असता.

आता आयोडाइडच्या १.५२ आणि १.६० कडे येऊ. इथे जाडी पुरेशी कमी आहे, पण नेमकी उलट अडचण होते. ३०० नॅनोमीटरची फिल्म धरा. गुणांक दहा हजार असेल तिथे तिचा खरा ॲब्सॉर्बन्स फक्त ०.१३ येतो. या पदार्थाचा अपवर्तनांक सुमारे २.४ आहे, त्यामुळे हवेतून फिल्मवर पडणाऱ्या प्रकाशापैकी १७ टक्के पहिल्याच पृष्ठभागावरून मागे जातो. काहीही न शोषता एवढ्यानेच यंत्रावर ०.०८ दिसतात. म्हणजे जिथे कड शोधायची आहे त्याच जागी, शोषणाचा संकेत ०.१३ आणि परावर्तनाची भेसळ ०.०८. संदर्भ किरणाच्या वाटेत कोरी काच ठेवली तरी ही भेसळ जात नाही, कारण कोऱ्या काचेच्या पुढच्या पृष्ठभागाचे परावर्तन चार टक्क्यांच्या आसपास असते, फिल्मचे त्याच्या चौपट. त्यातून फिल्म गुळगुळीत असेल तर कडेच्या खालच्या भागात लाटा दिसतात. त्या व्यतिकरणाच्या असतात, पदार्थाच्या ऊर्जापातळ्यांशी त्यांचा संबंध नसतो.

म्हणून इंटिग्रेटिंग स्फिअर मिळत असेल तर पारगमन (आरपार गेलेला प्रकाश) आणि परावर्तन दोन्ही मोजा. एकमधून परावर्तन वजा करून त्याला पारगमनाने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या आणि जाडीने भागा. पातळ फिल्मसाठी हेही सूत्र अदमासाचेच आहे, पण थेट ॲब्सॉर्बन्सवर टॉक प्लॉट काढण्यापेक्षा कितीतरी बरे. स्फिअर नसेल तर निदान एवढे करा: कडेच्या खाली, ८५० नॅनोमीटरच्या पलीकडे, जो सपाट किंवा किंचित कललेला भाग दिसतो त्यावर एक रेषा काढा, आणि टॉक प्लॉटची चढती रेषा आडव्या अक्षाला जिथे छेदते तिथला आकडा न घेता या पायारेषेला जिथे छेदते तिथला घ्या. एक काळजी मात्र घ्या. काही यंत्रांत ८०० ते ९०० च्या दरम्यान डिटेक्टर बदलतो आणि तिथे आलेखात लहानशी पायरी पडते. आयोडाइडची कड ७८० च्या आसपास असल्यामुळे ही पायरी नेमकी तुमच्या पायारेषेत येऊन बसते. कोऱ्या काचेचा एक स्कॅन काढून ती ओळखून ठेवा.

टॉक प्लॉटचा घात कोणता घेतला हेही तपासा. यान टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ही पद्धत अस्फटिक जर्मेनियमसाठी वापरली होती. तिथून ती सगळीकडे पसरली, पण तिच्यामागची गृहीतके सगळीकडे पोहोचली नाहीत. तुमचा पदार्थ व्यवहारात थेट गॅपचा आहे (म्हणजे प्रकाशकण एकटाच इलेक्ट्रॉनला गॅपपलीकडे नेऊ शकतो), म्हणून गुणांक गुणिले ऊर्जा याचा वर्ग घ्यायला हवा. वर्गमूळ घेतले तरी आलेखात कुठेतरी सरळ तुकडा सापडतोच, आणि तो हमखास कमी आकडा देतो. तुमच्या १.५२ बद्दल माझा पहिला संशय हाच आहे. सरळ तुकडा दिसला म्हणजे घात बरोबर निघाला, असे मुळीच नाही.

ब्रोमाइडमध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. तिथे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनने मागे सोडलेली रिकामी जागा) एकमेकांना धरून असलेली जोडी, म्हणजे एक्सायटॉन, खोलीच्या तापमानालाही कडेवर उंचवटा निर्माण करते. टॉकच्या सूत्रात एक्सायटॉनला जागाच नाही. उंचवट्याच्या चढणीवर रेषा बसवली तर मिळणारा आकडा एक्सायटॉनच्या जवळचा असतो आणि खरा गॅप त्याच्या थोडा वर राहतो. काटेकोर काम करायचे असेल तर एलियट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सूत्राने वक्र जुळवावा लागतो. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी तो हट्ट धरणार नाही, पण उंचवटा दिसतो आहे हे नोंदवा आणि स्लिट (यंत्रातली फट, जी एका वेळी किती रुंदीचा तरंगलांबीपट्टा जातो ते ठरवते) एक नॅनोमीटरची ठेवा. ५३० नॅनोमीटरपाशी दोन नॅनोमीटरची स्लिट म्हणजे जवळजवळ ९ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची धूसरता असते.

फिल्म यंत्रात ठेवण्याआधी ती ट्यूबलाइटसमोर धरून पाहण्याची सवय लावून घ्या. नीट बनलेली आयोडाइडची फिल्म गडद तपकिरी, एकसंध दिसते. काही फिल्ममध्ये मात्र टाचणीने टोचल्यासारखे पांढरे ठिपके चमकतात. त्या भोकांतून प्रकाश न शोषता आरपार जातो. दहा टक्के क्षेत्रफळ उघडे असेल तर पदार्थ कितीही काळा असला तरी यंत्राचा आकडा १ च्या वर जाऊच शकत नाही, जिथे १.३ दिसायला हवे तिथे सुमारे ०.८४ दिसते. निळ्या भागातला वक्र दाबला जातो, चढणीचा कल बदलतो आणि त्याबरोबर टॉक प्लॉटची रेषाही. दोन बॅचमध्ये दोन आकडे येण्याचे हे एक अगदी साधे कारण असू शकते, आणि ते शोधायला कोणतेही उपकरण लागत नाही.

इथपर्यंतचा हिशेब असा: स्फटिकाचा २.२० हा शेपटीचा आकडा, तो गॅप म्हणून देऊ नका, १.५२ बहुधा घात किंवा पायारेषेची चूक, १.६० आणि २.३१ विश्वासार्ह मूल्यांच्या जवळ आहेत, पण दुरुस्त्या करून पुन्हा काढा. आकडा देताना पद्धतही द्या. मी स्वतः तीन गोष्टी शेजारी शेजारी लिहितो: पायारेषा धरून काढलेल्या टॉक प्लॉटचा आकडा, शोषण वक्राची चढण जिथे सर्वांत तीव्र आहे ती ऊर्जा, आणि त्याच फिल्मच्या प्रदीप्तीचे (प्रकाश शोषून तिने स्वतः परत सोडलेल्या प्रकाशाचे) शिखर. तिन्ही ०.०३ च्या आत असतील तर शांतपणे पुढे जावे. नसतील तर त्यातला सोयीचा आकडा निवडू नये, कारण तो फरकच काहीतरी सांगत असतो. किमान तीन वेगवेगळ्या फिल्मवर मोजा आणि पसारा लिहा. मार्गदर्शकांना एकच आकडा हवा असेल तर ‘१.५९, अधिक-उणे ०.०२’ हाही एकच आकडा आहे.

आता मिश्र फिल्म. तुमचा सकाळचा आकडा १.७८ आहे. कोरियातील सांग इल सोक यांच्या गटाने २०१३ मध्ये या मिश्रणासाठी एक सूत्र दिले: गॅप बरोबर १.५७, अधिक ०.३९ गुणिले ब्रोमाइडचा अंश, अधिक ०.३३ गुणिले त्या अंशाचा वर्ग. अंश ०.४ घातला तर १.७८ येते. म्हणजे सकाळची फिल्म तुम्ही म्हणता तशीच बनली होती. दुपारी १.७ च्या आसपास दिसलेला खांदा मात्र काळजीपूर्वक वाचायला हवा, कारण त्याची दोन कारणे संभवतात आणि दोन्हींचे अर्थ अगदी वेगळे आहेत.

पहिले कारण प्रकाश. २०१५ मध्ये एरिक होक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अशा मिश्र फिल्मवर सूर्यप्रकाशाइतका प्रकाश टाकला की मिनिटाच्या आत १.६८ इलेक्ट्रॉनव्होल्टला प्रदीप्तीचे नवे शिखर उगवते आणि १.७ च्या आसपास शोषण वाढते. अंधारात काही मिनिटे ठेवले की सगळे पूर्ववत होते. प्रकाशात आयोडिन आणि ब्रोमिन वेगळे होऊन आयोडिनबहुल ठिगळे तयार होतात, हा त्याचा अर्थ. तुमचे यंत्र आधी मोनोक्रोमेटर आणि मग नमुना अशा रचनेचे असेल तर त्यातला एकरंगी प्रकाश इतका क्षीण असतो की सहसा हे घडवून आणत नाही. डायोड ॲरे प्रकारचे असेल तर दिव्याचा सगळा पांढरा प्रकाश नमुन्यातून जातो आणि मोजण्याच्या कृतीनेच नमुना बदलू शकतो. त्याच रचनेत फिल्मची स्वतःची प्रदीप्तीही डिटेक्टरवर पडते आणि कडेपाशी ॲब्सॉर्बन्स खोटा कमी दिसतो. यंत्र कोणतेही असो, मधल्या वेळेत फिल्म खिडकीपाशी पडून होती का आणि तिच्यावर आधी लेसरने प्रदीप्ती मोजली होती का, हे आठवून पाहा. मिश्र हॅलाइडचे शोषण नेहमी लेसरच्या आधी मोजावे.

दुसरे कारण ओलावा. आमच्याकडे मुंबईत जुलै महिन्यात एका विद्यार्थिनीची आयोडाइड फिल्म रात्रभर यंत्राच्या कप्प्यात राहिली. सकाळी काचेच्या कडेने बोटभर फिकट पिवळी किनार आली होती आणि मध्यभाग अजून तपकिरी होता. वर्णपटात ५५० ते ७५० मधला भाग खाली बसला होता आणि ५२० नॅनोमीटरपाशी एक स्वच्छ पायरी उभी होती. तिने अत्यंत मेहनतीने त्या पायरीचा टॉक प्लॉट काढून २.३८ हा ‘दुसरा बँड गॅप’ शोधला होता. तो लेड आयोडाइडचा होता. पाण्याने पेरोव्स्काइट मोडून मागे राहिलेल्या पिवळ्या पदार्थाचा. गणित बरोबर होते, फक्त नमुना बदललेला होता. त्या दिवसापासून आम्ही फिल्म डेसिकेटरमधून (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातून) काढल्यापासून स्कॅन संपेपर्यंतची वेळ वहीत लिहितो आणि स्कॅनच्या आधी व नंतर फिल्मचा फोटो काढतो.

या दोन कारणांत निवाडा करण्याची चाचणी सोपी आहे. दुपारची फिल्म काळ्या कागदात गुंडाळून कोरड्या डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खोलीचे दिवे मालवून, त्याच जागेवर, त्याच स्लिटने मोजा. १.७ चा खांदा नाहीसा होऊन कड पुन्हा १.७८ ला आली तर हॅलाइड वेगळे होत होते, आणि हे तुमच्या प्रबंधातले एक चांगले निरीक्षण ठरेल. खांदा तसाच राहिला, किंवा ५२० जवळ पायरी दिसू लागली, तर फिल्म बिघडली आहे आणि नवी बनवावी लागेल. जुनी फिल्म आणि तिला पुसलेले कापूस शिशाच्या कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात टाका, बेसिनमध्ये धुऊ नका. ही चाचणी होईपर्यंत मिश्र फिल्मसाठी सकाळचा वर्णपटच वापरा आणि आकृतीखाली लिहा की हा पहिला स्कॅन आहे, त्याआधी फिल्म किती तास अंधारात होती आणि त्या दिवशी खोलीतली आर्द्रता किती होती.